उणे चाळीस

गाडी म्हणते, बाहेर उणे चाळीस.
नवतप्याचा तिसरा दिवस, दुपारचे दोन,
कामठी रोडच्या डांबरात चपला रुतताहेत
आणि काचेखालच्या हिरव्या आकड्यांत
बर्फ पडतोय.

एसी त्यामुळेच लागत नाही
हे मला फार उशिरा कळलं.
आधी गॅस भरून झाला, अठराशे रुपये.
फ्यूज बदलून झाला.
हॉर्नचा रिले काढून एसीला लावून पाहिला,
एसी गप्प तो गप्पच, वर हॉर्नही मुका.
कंप्रेसरचा एक 'टक्' ऐकायला
बॉनेटवर वाकून मी तीन आठवडे घालवले.

शेजारच्या सीटवर भोयरकाका.
सोनेगावच्या वेधशाळेत तेहतीस वर्षं
पांढऱ्या झडपांच्या पेटीतला पारा वाचलेले.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
"आकडा खोटं बोलत नाही रे," म्हणाले,
"जागा खोटी असते.
सावली हवी, वारा हवा, जमिनीपासून चार फूट उंची हवी.
यातलं काय पाळलं तुझ्या गाडीनं?"
मी पाण्याची बाटली पुढे केली.
"तहान नाही."
सकाळपासून हेच.

उईकेचं गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, एक हिरवी जाळी.
पाठीखाली पुठ्ठा घेऊन तो बंपरखाली सरकला.
बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते.
मग खालून आवाज आला,
"बाप्पा! उंदरानं कुरतडली जी तार.
हे तुटली का गाडीले वाटते, बाहीर लय थंडी हाय.
मंग एसी कायले लावल थे?
शायनी हाय जी मशीन,
तुम्हाले गारठू देत नाई."

मी हसलो.
सुतळीपेक्षा बारीक तारेवर भरवसा ठेवून
ही तीन आठवडे आम्हाला थंडीपासून जपत होती.
काचेतून आत येणारं ऊन,
स्टिअरिंगवर भाजणारे माझे तळवे,
यांतलं काही तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.
नाकाशी एवढीशी तार. तिनं सांगितलं, तेच हवामान.

उईके बाहेर आला, हात पुसत,
मीटर शोधताना मध्येच थांबला.
"काकाजीले घाम काऊन नाई?"

मी पाहिलं.
दोन तास शेजारी बसून मी आकडा पाहत होतो.
कपाळ कोरडं, ओठ पांढरट,
आणि डोळे कुठल्याशा जुन्या नोंदवहीत गेलेले.

मग तार राहिली बाजूला.
माठातलं पाणी, त्यात मीठ, साखर, अर्धं लिंबू;
दुपट्टा ओला करून मानेवर;
कूलर त्यांच्या दिशेनं वळवला, तो खडखडत वळला.
"पण मला तहान नाही," काका म्हणत राहिले,
"नाई तर नाई जी," उईके म्हणाला, "तरी प्या."
तीन ग्लास.
चौथा त्यांनी स्वतः मागितला, तेव्हा कुठे
तो पुन्हा पुठ्ठ्यावर आडवा झाला.

तार सोलली, जोडली, वर काळी नळी चढवली,
लायटरनं शेकली. सत्तर रुपये.
आकडा एकदम अठ्ठावन्नवर गेला.
"उभ्या गाडीत इंजिनची आच लागते," उईके म्हणाला,
"चालवा जी, उतरते."

दुपारचे सिग्नल बंद होते, रस्ता रिकामा.
इंदोऱ्यापर्यंत बावन्न,
गड्डीगोदामपाशी अठ्ठेचाळीस,
आणि मग कुठेतरी, मला कळलंही नाही,
तो 'टक्'.
जाळीतून गार हवा, जुन्या धुळीच्या वासासकट.

सेहेचाळीसवर आकडा थांबला.
काकांनी चष्मा वर ढकलला, जवळ वाकून पाहिलं,
"सेहेचाळीस पूर्णांक दोन," म्हणाले.
"दशांश खाते ही."
मग जाळी माझ्याकडे वळवली,
थंडी वाजतेय म्हणून.

मी गाडी बाजूला घेतली
आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.