कानोसा

खुर्च्या पंचवीस, म्हणाला क्लबचा इरिनेओ,
पैकी दोन तीनच पायांच्या.
"त्यांवर बारीक माणसं बसव."
कोण बारीक, कोण जाड, मला काय ठाऊक?
सहा वर्षं ओळखते मी त्यांना,
तोंड एकाचंही पाहिलेलं नाही.

आमचं सगळं काम अंधारातलं.
ज्याने त्याने आपल्या पाणथळीशी उभं राहायचं,
बेडकांचे आवाज टिपायचे, एकमेकांना पाठवायचे
आणि पहाटेपर्यंत भांडायचं:
हा शिट्टीवाला की तो ठोक्याचा,
हा नर की दाराची बिजागरी.
एकदा खरंच बिजागरी निघाली.
साल्तोच्या बाईंनी महिनाभर तोंड दाखवलं नाही,
म्हणजे, आवाज.

"एकदा भेटू या" कुणी म्हटलं, आठवत नाही.
म्हणणारा राहिला नामानिराळा,
आणि औषधांचं दुकान बंद करून
कास्तीयोसच्या बेकरीमागे किल्लीसाठी ताटकळत
मी.

तारखेचं तर विचारूच नका.
माणसांना हवा कोरडा शनिवार,
बेडकांना ओला.
मतं घेतली. माणसं जिंकली, अकरा विरुद्ध चार.

बस साडेसहाला.
स्टँडवर पुठ्ठा धरून उभी राहिले,
त्यावर काय लिहावं सुचेना म्हणून बेडूक काढला होता,
तो बटाटा दिसत होता.
तरी नऊजण बरोबर माझ्याकडेच आले.

गालाला गाल लावून झाले.
येर्बाचा कडू चहा हातोहात फिरला,
जणू आता तोच काय ते बोलेल.
नावं सांगून उपयोग नव्हता.
वॉशिंग्टन म्हणजे कोण? सुल्मा म्हणजे?
मला माहीत होता तो, ज्याच्या बेडकामागे
लांबून एक मालगाडी जाते.
मला माहीत होती ती, जी
श्वास रोखायचं ठरवते आणि नाक ओढते.
सोळा खुर्च्या रिकाम्या,
त्यांच्याकडे सगळे आदराने बघत बसलेले.

मग तो उंच माणूस खोकला.
दोन छोटे, एक अडकलेला.
माझ्या हातातला थर्मास तसाच राहिला.
"तू! ओढ्याकाठचा! नळी तुंबलेला!"
"कसं ओळखलंस?"
कसं म्हणजे?
तुझ्या हिरव्या बेडकाहून
तुझा खोकला जास्त ऐकलाय मी.
मे महिन्यात वाढला होता.
औषधाचं नाव लिहिलं मी, आणि पुसलं;
ओळख ना पाळख, कुणाच्या छातीत कोण शिरणार.

मग कुणी कुणाला आवरेना.
"तुझ्याकडे टपटप गळणारं पन्हाळ!"
"तू चपला घासत चालतोस!"
निळ्या केसांची पोरगी सुल्माबाईंना म्हणाली,
"तुमचा कुत्रा रात्री अडीचला भुंकतो ना?"
"भुंकायचा," म्हणाल्या सुल्माबाई.
पोरगी गप्प. मग हळूच,
"माझ्याकडे आहे तो. मार्चमधला.
मागचा बेडूक काढून टाकून देऊ?"
"नको," म्हणाल्या. "दोघेही असू देत."

रात्री पाणथळीवर गेलो.
नोव्हेंबर, पण चिखलाला भेगा.
दहा माणसं कान टवकारून,
आणि एक बेडूक बोलेल तर शपथ.
कुणाचं पोट गुरगुरलं.
कुणी जाकिटाची चेन अर्धी ओढली आणि थांबलं,
अर्धी ओढल्याचाही गुन्हा वाटून.
मी यंत्र चालूच ठेवलं.
चव्वेचाळीस मिनिटं भरली.

घरी येऊन नोंद करायला बसले.
जागा, वेळ, आर्द्रता, सगळं भरलं.
जातीचा रकाना मात्र
अजून रिकामा आहे.

रविवारी किल्ली परत दिली.
इरिनेओने खुर्च्या मोजल्या, चोवीस.
"जाड माणूस बसला वाटतं?"
नाही रे.
सगळ्यांना बसवून झाल्यावर
मी बसले.