दोन माणसांचं काम

घर विकलं तेव्हा चमचेसुद्धा मोजून वाटले.
होडी तेवढी राहिली.
एकोणीस फुटी, जुनी,
ट्रेलरचा डावा दिवा कायमचा मालवलेला.
विकून येणार किती,
आणि वकिलाला सांगणार कोण
की हिची डोलकाठी उभी करायला
दोन माणसं लागतात.

म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी
मी अ‍ॅन आर्बरहून, हेरंब फ्लिंटहून
केसव्हिलच्या धक्क्यावर येतो.
"बरी आहेस?"
"बरी. पिना आणल्यास?"
कॉफीच्या डब्यात पिना, वॉशर, एक चुकार नाणं.
डबा मी ओळखते. झाकण नवीन आहे.

आधी वर बघायचं.
वर विजेच्या तारा नाहीत, दोघांनाही ठाऊक.
तरी दोघंही मान मागे टाकून बघतो,
तो दोनदा, मी एकदा,
पूर्वी गावाला निघताना
गॅस बंद केलाय का बघायचो तसं.

बुंध्याची खीळ बसली.
तो मागे, काठी खांद्यावर घेऊन,
मी नाळेवर, हातात रहाटाचं हँडल.
कट्. कट्. कट्.
सरोवरावरून वारा येतोय, बर्फ नुकतंच विसरलेला.
काठी उठतेय, झोपमोड झालेल्या माणसासारखी,
कुरकुरत.

साठ अंशांवर अडली.

"ओढ."
"ओढतेय."
"ओढत नाहीयेस."
हे संभाषण मला पाठ आहे.
सोळा वर्षं केलंय,
कधी सोफ्यावरून, कधी त्याच्या आईवरून,
एकदा तर रात्रभर, कशावरून ते आठवत नाही.

पण आज कुणालाच
दार आपटून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही.
मी हँडल सोडलं तर काठी त्याच्या डोक्यावर.
त्यानं खांदा काढला तर रहाट माझ्या मनगटावर.
कुठेतरी एक तार अडकलीय,
आणि शोधायला जायला
तिसरं माणूस नाही.

त्याच्या मानेवरची शीर फुगलेली.
केस मागून विरळ झालेत; मला कुणी कळवलं नव्हतं.

आम्ही दोघंही सोलापूरचे. समुद्र पुस्तकातला.
काठी म्हणजे आमच्यासाठी संक्रांतीची,
सिद्धेश्वराच्या नंदीध्वजाची,
पांढऱ्या बाराबंदीतला माणूस ती कमरेशी तोलून
गर्दीतून चालतो,
आणि बघणारे श्वास धरतात.
हेरंबचे काका मानकऱ्यांच्या मागे चालायचे.
"काठी हातानं नाही रे, पायानं धरतात," म्हणायचे.

"पाय," मी म्हणाले.
एवढंच.
त्यानं पाय फाकवले, गुडघे किंचित मोडले,
आणि दातांत पुटपुटला, "हर्र."

धक्क्यावर बादली घेऊन बसलेली बाई,
डोरीन, नंतर नाव कळलं,
पर्च मासे सोडून उठली.
"ही तार या खुंटीखाली असायला हवी का?"
नको होती.
तिनं एका बोटानं काढली.
एका बोटानं!

मग काठी अशी गेली वर
की मीच घाबरले.
कट्कट्कट्, आणि पुढची तार ताणली,
पिन घातली, पिनेला कडी,
टोकावरचा वाऱ्याचा बाण गर्रकन फिरून
उत्तरेकडे थांबला.

डोरीनला आम्ही आमची सँडविचेस दिली.
तिनं विचारलं, किती वर्षं झाली लग्नाला?
हेरंब दोर गुंडाळत राहिला.
मी म्हणाले, "होडीला एकवीस."

जून त्याचा, जुलै माझा,
ऑगस्ट जमेल तसा. ऑक्टोबरात उतरवायला परत.

घरी पोचल्यावर जॅकेटच्या खिशात
एक पिन सापडली.
रात्री दहाला फोन केला.
"ही कुठली राहिली?"
पलीकडे डबा हलवल्याचा आवाज, मोजल्याचा,
पुन्हा मोजल्याचा.
"जास्तीची असेल," तो म्हणाला.
"असू दे तुझ्याकडे."