शाहीर, अर्धा किलो

अल धैदच्या पुढं, डांबर संपतं तिथं
बू सैफच्या कुंपणात अकरा सलुकी आहेत
आणि बारावा मी, असं कुंजुमोन म्हणतो.
त्यांचं मांस माझ्या हातून जातं :
उंटाचं, कच्चं, पहाटे पाचला बर्फातून काढलेलं,
कोंबडीच्या माना,
आठवड्यातून दोनदा काळीज.
कुणाला किती ते भिंतीवर अरबीत लिहिलंय.
मला आकडे तेवढे येतात.

लहझा काही सगळ्यांत म्हातारी नाही
पण या उन्हाळ्यात तिच्या कमरेची हाडं
पालाच्या काठ्यांसारखी वर आली.
सलुकीच्या तीन बरगड्या दिसाव्यात, ती शोभा.
पाचवी दिसली की शोभा संपली.
डॉक्टर इदरीस, सुदानचा, बोलतो कमी,
त्यानं तिच्या पोटावर बराच वेळ हात ठेवला
आणि म्हणाला, धान्य.
भरडून, शिजवून, मांसात कालवून.
आधी एक चमचा.
बू सैफ हसला. सलुकीला धान्य?
हिच्या आईच्या आईनं हरणं पाडलीत.

तरी जर्मनीहून पिशवी आली.
अक्षर एक कळेना, पण तोंड उघडलं
आणि जात्याच्या खुंट्याशी साचणाऱ्या पिठाचा वास
वातानुकूलित खोलीभर झाला.

जतकडं आमची कारवानी कुत्री,
हीच कंबर, हेच पाय,
कुठल्याशा तांड्यामागून आली म्हणतात,
मेंढरांमागं दिवसभर चालायची ती भाकरीवर.
ताकात कुस्करलेली बाजरीची.
मांस जत्रेला, तेही आमचं उरलं तर.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
भाकरी न घालता कुत्रं पाळत्यात?
मग ते राखंल कशाला, मायाप्पा?

सतरा दिवसांत पिशवी संपली,
दुसरीला महिना लागणार होता.
कुंजुमोनला घेऊन मी जुन्या बाजारात गेलो.
बाजरीला इथं दुखन म्हणतात,
हा शब्द मला पहिल्याच वर्षी पाठ झालेला,
का ते सांगायला नको.
सातूचा शब्द डॉक्टरनं दिला होता, शईर,
पण माझी जीभ नको तिथं लांबली
आणि पोत्यांमागच्या म्हाताऱ्याला मी म्हणालो,
शायर द्या, अर्धा किलो.

तो इतका हसला की त्याची काठी पडली.
कुंजुमोन म्हणाला, अरे, तू कवी मागितलास.
मी म्हटलं, आमच्यात त्याला शाहीर म्हणतात,
अर्ध्या किलोत तो डफसुद्धा उचलत नाही.
हे त्याला समजलं नाही. म्हाताऱ्यानं मात्र
मूठभर सातू वर घातला, न मोजता.

बाजरी भाजली, सातू भाजला, भरड काढली,
उंटाची हाडं उकळून त्या पाण्यात शिजवली.
पहिल्या दिवशी लहझानं मांस तेवढं वेचलं,
भरड भांड्याच्या कडेला लिंपून ठेवली, गवंड्यासारखी.
दुसऱ्या दिवशी तेच.
मग मी चमच्याचा नाद सोडला,
हातानं मळलं, रक्तासकट,
आई मळते तसं, मनगटाच्या जोरानं,
आणि उंडा करून पुढं धरला.
तिनं आधी माझी बोटं हुंगली,
मग मांस वेचायचं ती विसरली.

संध्याकाळी बू सैफ आला.
रिकाम्या भांड्यात त्यानं बघितलं, मग तिच्या कमरेकडं.
काय घातलंस?
दुखन, थोडा शईर. या वेळी जीभ घसरली नाही.
तो बराच वेळ कुंपणाला टेकून उभा राहिला.
मग म्हणाला, आमच्याकडं तरी मांस कुठं होतं?
यांना खजूर असायचा, उंटिणीचं दूध.
मांस तेलानंतर आलं.
आणि गाडीत बसताना,
बाकीच्या दहांना सांगू नकोस.

सकाळी भिंतीवर लहझाच्या ओळीपुढं
नवीन काहीतरी खडूनं लिहिलेलं होतं.
आकडा दोन, चमचे असतील.
पुढचा शब्द मी कुणाकडून वाचून घेतला नाही.
सातू असेल,
कवीही असेल.