सातवा पुठ्ठा

मे महिना. वाळ्यावर पाणी मारून
मी संत्र्यांचं खोकं उघडते.
फळ्यांना अजून आंबूस वास,
आत आमचं घराणं, सुतळीनं बांधलेलं.

बाप्तिस्म्याचा दाखला.
जातीबाहेर काढल्याची मोडी चिठ्ठी,
सगळ्यांत टिकाऊ कागद नेमका हिचा.
कॉलेजच्या पहिल्या सालचं पगारपुस्तक:
पाद्री ऑरसाहेब दोनशे,
पाद्री योहान दामाजी अठरा,
पंखा ओढणारा तीन.
कसर लागलीय ती बरोबर अठरावर.
या शब्दाचे दोन्ही अर्थ आमच्या घरात जुने.

मोमिनपुऱ्याचे हनीफमियां सांगून गेले,
डांबरगोळ्या नकोत बाई, वेखंड ठेवा.
खळ घरी शिजवा, चिमूटभर मोरचूद घाला.
आणि लिहायचं झालं तर पेन्सिलीनं.

तळाशी सात पुठ्ठे.
कुण्या मडमेनं मेणबत्तीपुढे बसवून
कात्रीनं उतरवलेले पाद्री.
फोटोला आपण उगाच छायाचित्र म्हणतो,
छाया ही.
डोळे नाहीत. कपाळ, नाक, ओठ, गळपट्टी.
सहांच्या खाली शाईत नावं,
ऑर, टॉड, लेकी, पुढची पुसट.
सातव्याच्या डोक्यावर पागोटं,
खाली काही नाही.

सातही सारखेच काळे.
एवढ्यापुरती तरी मडम न्यायी निघाली.

लाईन जाते.
मी मोबाइलचा टॉर्च लावून
सायलसला भिंतीशी उभा करते.
"आत्या, काय करून राहिली तू?"
"हनुवटी वर घे. हलू नको."
भिंतीवर भाचा, शेजारी पुठ्ठा.
नाकाच्या मध्यावरचा तो उंचवटा,
माझ्या बापाचा चष्मा जिथे अडायचा,
तो इथेही आहे,
की टॉर्च मीच तिरपा धरलाय?
जरा डावीकडे घेते. आहे.
जरा उजवीकडे. नाही.
सायलसला हसू फुटतं,
दीडशे वर्षं भिंतीवर गदगदतात.

पेन्सिल शोधते.
लिहिते: योहान दामाजी.
पुढे प्रश्नचिन्ह काढते.
खोडते.
पुन्हा काढते, आधीच्याहून लहान.

तेवढ्यात लाईन येते.
भिंत कोरी.
कूलर खडखडून चार थेंब उडवतो
आणि मी घाईघाईनं
पुठ्ठ्यावर पदर धरते,
तान्ह्या पोरावर धरावा तसा.