मारलं

सोहारच्या चौकीत रात्री दोनला बोलावलं मला.
ऑगस्ट. खिडकीच्या काचेवर बाहेरून घाम,
समुद्र इतका जवळ की कागद मऊ पडतात,
शिक्का उमटताना पसरतो.

कोपऱ्यात लिंबाजी तौर, तालुका परतूर,
पायात एकच चप्पल.
टेबलावर संध्याकाळचा जबाब, अरबीत, अडीच ओळी.
कॅम्पच्या स्वयंपाक्याने हिंदीत सांगितलेला,
रकीब सईदने उतरवून घेतलेला.
मधल्या ओळीत एक शब्द: कतल.

मुलाझिम सुलैमा अल-बलूशी खुर्ची ओढून
त्याच्यासमोर बसली. आधी पाणी.
मग त्याचं नाव, तो उच्चारतो तसं,
दोनदा म्हणून बघितलं. लिं-बा-जी.
मला म्हणाली, पहिल्यापासून. तो सांगेल तसं.

"म्या मारलं त्याला, सायेब."

इथं थांबलो.
एकोणीस वर्षं हेच काम. हरवलेले पासपोर्ट,
बुडालेले पगार, शेजाऱ्यांची भांडणं,
आणि हे क्रियापद कधी आडवं आलं नव्हतं.
आमच्यात हाक मारतात, उडी मारतात,
होडीला रंग मारतात, जेवण झालं की गप्पा मारतात.
बाप पोराला मारतो
आणि रात्री उठून त्याच्याच अंगावर पांघरूण ओढतो.
अरबीत दरब वेगळं, कतल वेगळं.
दोन दारं. एकातून माणूस काही वर्षांनी बाहेर येतो.

त्यातलं हलकं दार मी जिभेवर उघडलंच होतं.
माझ्या मुलखाचा माणूस. एकच चप्पल.
सुलैमा माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.
"सिराज, तू आत्ता निवडलंस.
दया आली असेल तर बाहेर एक फेरी मारून ये."
(ती अरबीत बोलली. 'मारून' माझं.)
"आणि दोन शब्द त्याच्यापुढे मांडू नकोस.
घाबरलेला माणूस जवळचा उचलतो.
हात कसा चालला, ते दाखवू दे."
बेड्या काढायला लावल्या.

लिंबाजीने उजवा हात उचलला. तळवा उघडा.
हवेतल्या कुणाच्या तरी कानाखाली एक.
तेवढीच.
मग तो हात तिथंच राहिला,
परत कसा घ्यावा ते त्याला कळेना.
"चार्जरवरनं. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर.
एल्लय्याचा पाय फळीच्या भाईर गेला.
म्या खाली पळालो. मिठी मारली त्याला.
तवर..."

मिठी मारली.
हेही थांबून सांगितलं मी: बाई, तेच क्रियापद.
तिने पेन आडवं ठेवलं.
एसीचं पाणी बादलीत पडत होतं, तेवढं ऐकू आलं.

सईदला तिने व्हरांड्यात नेलं, दार ओढून.
काय बोलली ठाऊक नाही. आवाज चढला नाही.
तो परतला तेव्हा हातात कहवा,
चार पेले. चौथा लिंबाजीपुढे ठेवला, त्याच्याकडे न बघता.

जुना शब्द तिने एकाच रेघेने खोडला,
खालचं वाचता येईल अशी रेघ.
समासात लिहिलं: भाषांतर अपुरं. चूक चौकीची.
चौकी म्हणजे कोण ते कळावं म्हणून
खाली स्वतःचा हुद्दा, स्वतःचं नाव.
सईदचं कुठंच नाही.

एल्लय्या तरीही शवागारात होता.
करीमनगरला कळवायचं होतं.
तिने फोनची यादी काढली, तेलुगू बोलणारं कुणीतरी.
"या वेळी आधीच," म्हणाली,
आणि मला जायला सांगितलं.

पहाटे घरी. श्रीवर्धनहून बायकोचा निरोप:
धाकट्याला आज मारलं मी. चैन पडत नाही.

किती, कुठं, उघड्या हातानं का,
टाइप केलं. पुसलं.
फोनच लावला.