पाणी न सोडलेली कोंडी

पारसिकच्या डोंगरावर दोन घारी होत्या तोवर ठीक होतं.
घार फिरते तिथे हवा वर जाते,
केरसी मास्तरांनी एवढंच शिकवलं, बाकी सगळ्या शिव्या.
त्यांच्या घिरट्यांत मी माझी घिरटी मिसळली,
तीन हजार दोनशे फूट झाले
आणि मला समुद्र बघायचा मोह झाला.

कल्याणच्या धावपट्टीवर बजावलं होतं: खाडी ओलांडू नकोस,
दोननंतर खारा वारा आत शिरतो, उन्हाचे खांब पाडतो.
दोन वाजून दहा मिनिटं.
खाडी पायांखाली, गढूळ, कडेला तिवरांची झालर.
काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा सरळ,
सुई मात्र शून्याखाली जाऊन बसलेली, समजूत घालूनही उठेना.
घारी कधी निघून गेल्या कळलं नाही.
त्यांना सांगितलेलं कळतं.

मागचा डोंगर आता माझ्याच उंचीचा.
पुढे भांडुप: कारखान्यांचे पत्रे, तापलेले.
इंजिन नसलेल्या विमानाचं एक बरं असतं,
बंद पडायला काही नसतं.
फक्त उंची असते, आणि ती
महिनाअखेरच्या पगारासारखी मोजून खर्चायची.
हजार फुटांवर जागा ठरवायची.
आठशेच्या खाली मन बदलायचं नाही.

शाळेचं मैदान: मुलं.
रस्त्याकडेचं हिरवं: गवत नव्हे, दलदल.
मग मिठागरं. चौकोनी आरसे, एकाला एक लागून,
मधले बांध गुडघाभर, पण चाक मोडायला पुरेसे.
तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधायचे,
दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धरून चालायचं.

त्या आरशांत एकच कोंडी आंधळी होती.
मातकट, लांबट, पूर्व-पश्चिम.
कुणी पाणीच सोडलेलं नाही असं वाटलं. का, हे विचारायला वेळ नव्हता.

चिमणीचा धूर माझ्याकडे आडवा झालेला.
कडेनं वाऱ्याबरोबर मागे गेले,
वळले, पुन्हा वळले, आता वारा तोंडावर.
पंखांवरच्या ब्रेकच्या फळ्या उघडल्या, हवा कापडासारखी फाटली,
शाकारलेल्या मिठाच्या राशी खांद्याशी आल्या,
शेकाट्यांचा थवा उठला,
पहिला बांध पोटाखालून गेला
हातभर.

मी खड्ड्यांच्या तयारीनं दात आवळून बसलेली,
आणि जमीन अशी, की सारवलेल्या ओटीवर
कुणी वाटी पुढे सरकवावी.
सरकत गेले. थांबले.
डावा पंख सावकाश कलंडला, टेकला.

सगळ्यांच्या आधी पदीबाई पोचली, काखेत रिकामी पाटी.
"मेलीस नाय ना गो?"
मग चारी बाजूंनी फिरून:
"इंजिन नाय?"
नाही.
"मंग ढकलली कोनी?"

मी काय सांगणार होते, ती वाकलीच होती,
चाकाच्या रेघेत बोट घालून खोली बघत.
"दिवालीपासून तुडवली ही आमी."
अकरा माणसं, बावीस पाय, ओला चिखल
पायांनी बडवून बडवून फरशीसारखा केलेला.
पाणी सोडायच्या आदल्या दिवशी मालक भावा-भावांत कज्जा,
कोर्टाचा कागद आला.
पाणी नाही, मीठ नाही, मजुरी अर्धी.
हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही,
भाव सांगावा तसं सांगितलं.

चौकीवरून फोन केला. ट्रेलर सातला आला.
मास्तर बांधाकडे बघत राहिले, मग रेघेकडे, मग माझ्याकडे,
आणि शिवी दिली नाही. तेवढं मात्र लागलं.
पंख उतरवताना एक टोक पदीबाईनं धरलं:
"हलकी हाय गो. आमची पाटी जड."

लॉगबुकात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, जमीन टणक.
बावीस पाय लिहिणार होते,
रकाना लहान होता.

ट्रेलर वळताना मागे पाहिलं, अंधारत होतं.
ती टाचेनं माझी रेघ बुजवत होती,
एक एक पाऊल, घाई नाही,
त्या कोंडीत या वर्षी
पाणी येणार नव्हतं तरी.