चतकोर

पुण्याहून पोरीनं पैसे भरले,
एकवीस दिवसांचे, आगाऊ.
"आई, डबा येईल तेवढंच खायचं. वरून काही नाही."
डॉक्टरांच्या कागदावर साखर दोनशे ऐंशी
आणि वजनापुढं पेनानं काढलेलं उद्गारचिन्ह.

बारा वाजून दहा मिनिटांनी मल्लिनाथ येतो.
बाळीवेसच्या आमच्या बोळात त्याची गाडी वळत नाही,
कोपऱ्यावरनंच ओरडतो,
"मावशी, तुमचं चारशे बारा आलंय की वो!"
सगळ्या आळीला आता माझा आकडा पाठ.

काळा डबा, तीन कप्पे.
एकात तांबूस भात, शीतं एकमेकांना न शिवणारी.
एकात मोड आलेले मूग.
तिसऱ्यात काकडी, अशी सारखी कापलेली
की कापणाऱ्याला घाई नव्हती,
भूक तर नव्हतीच.
झाकणावर कागद: प्रथिनं इतकी, तेल इतकं,
मीठसुद्धा ग्रॅममध्ये.
चिमूट कुणाची, ते लिहिलेलं नाही.

हिशेबाला मी नवी नाही.
आई विड्या वळायची,
हजार झाल्या की मान वर करायची.
मी डझनानं मोजते.
पहाटे चारला तवा चढतो,
उन्हं तापायच्या आत एकशे ऐंशी कडक भाकरी,
बारा-बाराची चवड, सुतळीची गाठ.
गोळा उचलला की हात वजन सांगतो,
काटा नंतर हो म्हणतो.

खाल्लेलं मात्र कधी मोजलं नाही.
मोडकी भाकरी गिऱ्हाईक घेत नाही,
मोडली ती घरची.
चाळीस वर्षं मोडलेलंच खाल्लं,
उभ्या उभ्या, शेंगाचटणी, वर तेलाची धार,
दुसरा घास पहिल्याच्या मागं लागलेला.
ते आता कुठल्या कप्प्यात धरायचं?

तिसऱ्या रात्री गच्चीवर झोप येईना.
खाली फरशीसुद्धा तापलेली.
पोटाला म्हटलं, नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेवढ्यात भागवतोच की नाही आपण?
पोट म्हणालं, पाण्याचं वेगळं.

नवव्या दिवशी डब्यात एक पुडी जास्तीची.
चकचकीत कागद, त्यावर "ज्वारी क्रिस्प",
खाली पंचेचाळीस कॅलरी.
फोडली.
आत भाकरीचा चतकोर.
कडेला दाबलेला अंगठा, डावा,
नखाच्या जागी गुळगुळीत खळगा.
तव्यानं नेलेलं ते नख माझंच.

होटगी रोडचा एक पोरगा रोज चार डझन नेतो.
कुणासाठी, मी विचारलं नव्हतं.
रोख देतो, मोडकी असली तरी कुरकुर करत नाही,
तेव्हाच शंका यायला हवी होती.

चतकोर तळहातावर घेऊन बसले.
पंचेचाळीस चोक एकशे ऐंशी.
एका भाकरीत एकशे ऐंशी,
एका सकाळीत एकशे ऐंशी भाकरी.
पुढचा गुणाकार मांडला नाही.
आईला हजाराच्या पुढं मोजता येत होतं,
तीही थांबायचीच.

खाल्ला.
मीठ बरोबर होतं.

रात्री पोरीचा फोन.
"कसं आहे गं जेवण? आवडालंय का?"
"बाकीचं ठीक. ते क्रिस्प तेवढं चांगलं."
"बघ! मी म्हटलंच होतं,
बाहेरचे लोक किती नीट करतात."
मी हूं म्हटलं.
तिच्या पगारातला एक चतकोर
होटगी रोडला वळसा घालून
माझ्याच पिठाच्या डब्यात पडला होता,
हे फोनवर कसं सांगायचं.

आज सतरावा दिवस.
वजन दीड किलो उतरलंय, साखर अजून बघायचीय.
पहाटे तव्यावरून काढताना एक मोडली.
मोडली, का मी मोडली,
ते तव्याला विचारा.
नीट चार तुकडे केले.
एक खाल्ला, पाटावर बसून,
वर तेल नाही.
उरलेले तीन फडक्याखाली झाकले.

बाराला दहा कमी आहेत.
मल्लिनाथ येईलच.
फडकं अजून तसंच आहे,
एका कोपऱ्याला जरा उचललेलं.